नाईकसायबाचं चिन्न

१९ नोव्हेंबर २०२४ ची रात्र, म्हणजे विधानसभेच्या मतदानाची आदली रात्र. नातू अमरावतीहून आला होता. तिथे तो इंजिनिअरिंगला आहे. मतदार यादीत त्याचे नाव यावे म्हणून फॉर्म मीच भरून घेतला होता आणि पहिले मतदान आहे, ये, म्हणून चार वेळा फोनही केला होता. जेवणे झाली, आम्ही दोघे गच्चीवर बसलो होतो. तो सहज बोलल्यासारखा म्हणाला, "आबा, मी उद्या मत नाही देणार. तुम्हाला मात्र गाडीवर नेऊन सोडतो."

मी ३६ वर्षे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवले. नागरिकशास्त्र हा तसा बिचारा विषय. इतिहासाच्या पुस्तकाच्या पाठीला बांधलेला, परीक्षेच्या आठ दिवस आधी उरकायचा. तरी 'मताचा अधिकार' हा धडा मी कधी उरकला नाही, जीव ओतून शिकवला. त्यामुळे त्याचे ते वाक्य मला लागले. मी विचारले, का बाबा?

तो म्हणाला, "आपल्या कारंज्यातच बघा ना. भाजपच्या आमदारांचा मुलगा तुतारीवर उभा आहे, अन् राष्ट्रवादीच्या आमदारांची पत्नी कमळावर. मी कोणाला निवडायचं अन् कोणाला पाडायचं?"

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. राजेंद्र पाटणी हे २००४ मध्ये शिवसेनेकडून आणि पुढे २०१४ व २०१९ मध्ये भाजपकडून कारंज्याचे आमदार झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले. मधल्या २००९ च्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे प्रकाश डहाके निवडून आले होते. तेही आज नाहीत. २०२४ ला पाटणींचे चिरंजीव ज्ञायक शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि डहाकेंच्या पत्नी सईताई भाजपकडून. सईताई निवडून आल्या. यात कायद्याला धरून नाही असे काही नाही आणि दोघांबद्दल माझी काही तक्रारही नाही. पण वीस वर्षे एकमेकांविरुद्ध घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्यांनी झेंडे अदलाबदल करून घेतले, आणि गावात कुणालाच त्याचे नवल वाटले नाही, हे खरे.

पोराला त्या रात्री मी काहीबाही सांगितले. 'मत वाया घालवू नये', 'लोकांनी रक्त सांडले' वगैरे. माझ्याच कानाला ते पोकळ वाटले. नंतर झोप लागेना, तेव्हा या जिल्ह्यात मी दिलेली मते आठवत पडून राहिलो. हा लेख त्या आठवणींचाच आहे.

माझे लोकसभेचे पहिले मत १९७७ चे. तेव्हा मतदानाचे वय २१ होते (१८ झाले ते १९८९ मध्ये). नोकरीला नुकताच लागलो होतो, वाशीम तालुक्यातल्या एका शाळेवर. योगायोग असा की वाशीम हा लोकसभा मतदारसंघही त्याच निवडणुकीत पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला. म्हणजे मतदार म्हणून मी आणि मतदारसंघ म्हणून तो, दोघे जोडीचे. जिल्हा तेव्हा अकोला होता. वाशीम वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला.

त्या वर्षी उमेदवार होते वसंतराव नाईक. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. ५ डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेले. आणीबाणीचा राग देशभर होता, उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली, महाराष्ट्रातही ४८ पैकी २० जागांवर अडली. विदर्भात मात्र गाय-वासरू चालले. नाईकसाहेब खासदार झाले. मी स्वतः नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला होता, पण ते पडले नाहीत म्हणून मला वाईट वाटले नव्हते. ते आपले होते. त्यांच्याविरुद्ध मत देता येत होते, कारण ते समोर होते. हे वाक्य विचित्र वाटेल, पण पुढे काय झाले ते वाचले की कळेल मला काय म्हणायचे आहे.

१८ ऑगस्ट १९७९ ला नाईकसाहेब वारले. आणि जानेवारी १९८० मध्ये मध्यावधी निवडणूक लागली.

त्या निवडणुकीत मला ड्यूटी लागली. दुसऱ्या तालुक्यातले डोंगराकडचे गाव, शेजारी बंजारा तांडा. ट्रकमधून मतपेट्या घेऊन आम्ही पाच जण आदल्या संध्याकाळी पोचलो. शाळेच्या खोलीत गोणपाट अंथरून झोपलो. थंडी अशी की शाईची बाटली मी उशाशी घेतली, गोठेल म्हणून. (शाई गोठत नाही, हे नंतर विज्ञानाच्या सरांनी सांगितले.) दुसऱ्या दिवशी बोटाला शाई लावायचे काम माझ्याकडे होते. दुपारच्या सुमारास एक म्हातारी आली. आरशांची काचळी, हातभर पांढरी बलोयी, कंबरेत वाकलेली. तिने बोट पुढे केले, मतपत्रिका हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले,

"मास्तर, यात नाईकसायबाचं चिन्न कोन्तं हाय?"

मी गप्प. मतदान केंद्रात कर्मचाऱ्याने चिन्हाबद्दल एक अक्षर बोलायचे नाही, हा नियम. केंद्राध्यक्षांनी सांगितले, "आजी, जे पटेल त्यावर मारा." ती म्हणाली, "मले नाईकसायबच पटते." मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, "ते गेले न माय!" तिला ते ठाऊक नव्हते असे नाही. तांड्यावर सुतक पाळले असणार. पण ते गेले म्हणून त्यांचे चिन्हही जाईल, हे तिच्या मनात आले नसावे. ती आडोशाला गेली, बऱ्याच वेळाने परत आली आणि घडी केलेली मतपत्रिका पेटीत टाकून निघून गेली. तिने शिक्का कुठे मारला हे अर्थात मला माहीत नाही.

त्या मतपत्रिकेवर पंजापुढे नाव होते गुलाम नबी आझाद यांचे. काश्मीरच्या डोडा भागातले, वयाची तिशी गाठलेले, संजय गांधींच्या काळात युवक काँग्रेसमधून वर आलेले. ते वाशीमचे खासदार झाले. १९८२ मध्ये केंद्रात उपमंत्री झाले. १९८४ मध्ये, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत, पुन्हा इथूनच निवडून आले. त्याच निवडणुकीत आमच्या विदर्भातल्याच रामटेकने आंध्रच्या पी. व्ही. नरसिंह रावांना लोकसभेत पाठवले. आम्ही शिक्षक स्टाफरूममध्ये म्हणायचो, दिल्लीच्या पाहुण्यांना उतरायला विदर्भासारखी धर्मशाळा नाही.

आझाद माणूस म्हणून वाईट होते, असे मला म्हणायचे नाही. पुढे ते जम्मू-काश्मीरचे मुख्यमंत्री झाले, राज्यसभेत विरोधी पक्षनेते झाले, २०२२ मध्ये काँग्रेस सोडून त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. मोठी कारकीर्द. तिची पहिली पायरी वाशीमने बांधली, आणि ती बांधताना वाशीमला कुणी विचारले नव्हते. आपल्याकडे मत द्यायचा अधिकार आहे, पण मत कोणाला द्यायचे त्यांची नावे आधीच कुठेतरी ठरून येतात, हे मला १९८० मध्ये पहिल्यांदा नीट कळले. धड्यात ते नव्हते. धड्यात 'जनता उमेदवार निवडते' असे होते. जनता उमेदवारांतून निवडते. एका प्रत्ययाचा फरक, पण सगळे राजकारण त्या प्रत्ययात बसले आहे.

पुढे १९८९ आणि १९९१ मध्ये अनंतराव देशमुख खासदार झाले, ते आपल्या रिसोडकडचे. १९९६ मध्ये पहिल्यांदा इथे काँग्रेसचा किल्ला पडला आणि शिवसेनेचे पुंडलिकराव गवळी निवडून आले. १९९८ मध्ये सुधाकरराव नाईक, म्हणजे वसंतरावांचे पुतणे आणि माजी मुख्यमंत्री. १९९९ मध्ये भावना गवळी, म्हणजे पुंडलिकरावांच्या कन्या. नंतर २००४, २००९, २०१४, २०१९, सलग पाच वेळा त्याच. मधेच २००८ च्या फेररचनेत वाशीम मतदारसंघ संपला. वाशीम आणि कारंजा हे विधानसभेचे भाग यवतमाळला जोडले, रिसोड अकोल्याला. जिल्हा एक, खासदार दोन. माझ्या जोडीचा मतदारसंघ माझ्या आधी निवृत्त झाला. रिसोडकडे पाहावे तर झनक घराणे, आधी रामराव, मग सुभाष, मग अमित, आजोबा-वडील-नातू. तेही काँग्रेसचे पक्के, निदान तेवढी एक गोष्ट स्थिर.

घराणी वाईटच असतात असे नाही. शिंप्याचा मुलगा शिंपी होतो, मास्तराचा मुलगा मास्तर. (माझा झाला नाही, हे सुदैव.) पण शिंप्याच्या मुलाने शिवलेला सदरा आपण दुसऱ्या दुकानात नेऊन पाहू शकतो. इथे दुकाने दोनच.

तसा तिसऱ्या दुकानाचा प्रयत्न झाला नाही असे नाही, आणि याबाबतीत लोकांना उगाच नावे ठेवली जातात. १९९५ ची विधानसभा आठवा. राज्यात जवळपास ७२ टक्के मतदान झाले होते. तेवढे त्यानंतर आजवर झालेले नाही, २०२४ मध्येही ६६ टक्केच झाले. तेव्हा शिवसेनेला ७३ जागा, भाजपला ६५, काँग्रेसला ८०. आणि अपक्ष किती? ४५! काँग्रेस नको आणि युतीवर विश्वास नाही, अशा लोकांनी राज्यभर अपक्षांना निवडून दिले. त्यात बरेच काँग्रेसचेच बंडखोर होते हे मान्य, पण लोकांनी पक्षाचा पत्ता झुगारला होता. झाले काय? बहुतेक अपक्ष युतीच्या पाठीशी गेले, काही मंत्री झाले, सरकार युतीचे आले. ज्यांनी 'दोन्ही नको' म्हटले, त्यांना दोहोंतले एक मिळालेच. अकोल्यात प्रकाश आंबेडकरांनी छोट्या छोट्या जातींची मोट बांधून 'अकोला पॅटर्न' उभा केला, जिल्हा परिषद ताब्यात ठेवली. वाशीम तेव्हा त्याच जिल्ह्यात, त्यामुळे तो प्रयोग आम्ही जवळून पाहिला. निवडणुकीच्या राजकारणात बंजारा, माळी, धनगर, बौद्ध, मुसलमान एका सतरंजीवर बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पण त्या सतरंजीची मुंबईत सत्ता कधी झाली नाही. शेतकरी संघटनेच्या सभांना मी सायकलने गेलो आहे. त्या शरद जोशींनाही राज्यसभेत जायला २००४ मध्ये युतीचाच आधार घ्यावा लागला.

नंतर आला 'नोटा'. २७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण द्यायला लावले. २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, २७ हजारांवर मते. पलूस-कडेगावातही दुसराच. मला आधी गंमत वाटली, मग लक्षात आले की दोन्ही ठिकाणी युतीने जागा एका पक्षाला सोडली आणि दुसऱ्या पक्षाचे मतदार उमेदवाराविना उरले. बाकी विधानसभेत नोटा पहिला आला तरी काही होत नाही, त्याच्या खालचा माणूस आमदार होतो. स्थानिक निवडणुकांत मात्र आपल्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये ठरवले आहे की नोटाला सर्वांत जास्त मते पडली तर निवडणूक पुन्हा घ्यायची. ही चांगली गोष्ट फार जणांना माहीत नाही.

आता पैशाचे. मोठ्यांपासून सुरू करतो, स्वतःपर्यंत येतो.

१९५७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीला पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती छागला यांनी कायद्यात बसते म्हणून परवानगी दिली, पण धोक्याची घंटाही वाजवली. कंपन्यांचा पैसा पक्षांत शिरला तर लोकशाहीची गळचेपी होऊ शकते, संसदेने विचार करावा, अशा आशयाची. (विदर्भ १९५६ मध्येच द्वैभाषिक मुंबई राज्यात आला होता. म्हणजे ते न्यायालय आमचेही.) संसदेने १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी घातली. १९८५ मध्ये ती उठवली. बंदीच्या काळात पैसा थांबला का? नाही, तो टेबलाखालून गेला.

पहिल्या निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा साधारण २५ हजार रुपये होती. आज ती ९५ लाख आहे आणि विधानसभेला ४० लाख. पण खरी मेख वेगळीच. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरा. साधी गोष्ट. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ केला. आणीबाणीच्या आधीच्या त्या गदारोळात या वटहुकुमाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. पुढे २००३ मध्ये त्यात थोडी दुरुस्ती झाली, पण पक्षाच्या खर्चाला आजही मर्यादा नाही. २०१७ मध्ये कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची अट काढली, २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. कोणी कोणाला किती दिले हे मतदाराला कळायची सोय नव्हती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते रोखे घटनाबाह्य ठरवले, आणि मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा कळले की एकेक कंपनीने एकाहून अधिक पक्षांना दिले आहे. सावकार दोन्ही भावांना कर्ज देतो, भांडण कोणीही जिंको. माझा एक भाचा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, मामा, इकडे तर २०१० पासून न्यायालयानेच कंपन्यांना प्रचारावर स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मोकळीक दिली आहे, आणि पक्षही दोनच. मी त्याला म्हटले, आमच्याकडे निदान उन्हाळा जास्त आहे.

असो. आता घरचे.

जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावची बातमी आली. सरपंचपदाचा लिलाव झाला होता, बोली दोन कोटींच्या वर, पैसा मंदिराच्या कामासाठी. नंदुरबारच्या खोंडामळीलाही तसेच. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांच्या निवडणुका रद्द केल्या. मी पेपर आपटून बायकोला म्हटले, "बघ, लाज सोडली लोकांनी." ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "आपल्या गावचा सभामंडप कसा झाला?"

मी गप्प बसलो, कारण त्याचा हिशेब माझ्या अक्षरात आहे.

नव्वदीच्या दशकातली एक निवडणूक. कोणती, कोणाची, कोणत्या पक्षाची, ते लिहीत नाही. उमेदवाराची माणसे गावात आली. मारुतीच्या पारावर बैठक झाली. गावाने ठरवले, सगळा गठ्ठा एका जागी टाकायचा, बदल्यात देवळापुढे सभामंडप. मी तेव्हा गावातला शिकलेला माणूस. मला बोलावले ते मोडता घालायला नव्हे, वही लिहायला. सिमेंटची पोती, लोखंडी सळ्या, पत्रे, गवंड्याची मजुरी, सगळे मी दोन बाजूंनी लिहिले, जमा आणि खर्च. जमेच्या बाजूला देणाऱ्याचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी लिहिले 'गुप्तदान'. कुणी सुचवले नव्हते, ते मलाच सुचले. त्या हुशारीचे मला तेव्हा कौतुकही वाटले होते. २०१८ मध्ये निवडणूक रोख्यांचे पेपरात वाचले तेव्हा हा शब्द मला आठवायला हवा होता. नाही आठवला.

त्या वेळी मी स्वतःला काय समजावले तेही सांगतो. या गावाने पंजाला मत दिले, धनुष्यबाणाला दिले, कोणी निवडून आल्यावर परत फिरकले नाही. पाणंद रस्ता तसाच, शाळेची खोली गळकी. मग निदान मंडप तरी पदरात पाडून घ्या, पावसात कीर्तन तरी होईल. हा विचार आजही मला अगदीच चूक वाटत नाही, हीच माझी अडचण आहे. ज्याला मोठ्या गोष्टीत कोणी विचारत नाही, तो छोट्या गोष्टीत रोख मागतो. वरच्याला जागा विकत घ्यायला हे सोयीचेच पडते. मंडपाच्या पैशात पाच वर्षे मिटतात.

एक गोष्ट मात्र तेव्हाही खटकली होती. गठ्ठ्यात न जाणारी चार-पाच घरे होती. बैठकीत त्यांच्याकडे सगळ्यांनी ज्या नजरेने पाहिले ती नजर मी विसरलो नाही. त्यातला एक माझा विद्यार्थी होता. 'मत गुप्त असते' हे त्याला मीच शिकवले होते. तो माझ्याकडे पाहत होता आणि मी वहीत पाहत होतो. आता तर यंत्रामुळे केंद्रवार आकडे छापून येतात. माणसाचे मत गुप्त राहते, पण छोट्या गावाचे राहत नाही.

२०२४ पर्यंत बोली अशी पारावर लावायची गरज राहिली नाही. जुलैपासून लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपये सुरू झाले. निवडणुकीत महायुती म्हणाली २,१००, आघाडी म्हणाली ३,०००. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ असताना बाजारात त्याहून बरेच कमी मिळत होते, त्यावर कमी आणि यावर जास्त बोलणे झाले. या पैशाला हसणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या स्वतःच्या नावावर आलेली ती पहिली रक्कम होती, आणि त्यांनी त्यातून चष्मा केला. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज दिले, त्यात वाशीम होता. त्या पॅकेजमधून त्यांच्या घरापर्यंत काय आले, असे मी विचारले, तर त्यांनी 'पॅकेज म्हणजे काय' असे विचारले. २०१८ मध्ये नीती आयोगाच्या मागास जिल्ह्यांच्या यादीत, गोड भाषेत 'आकांक्षित', पुन्हा वाशीम होताच. अशा जिल्ह्यात हातात येणारे १,५०० रुपये खरे वाटतात, यात नवल नाही. आणि ते देणार की ते नेणार हे ठरवायला विधानसभेत बसलेल्यांत दहांतले नऊहून अधिक कोट्यधीश आहेत, त्यांच्याच शपथपत्रांप्रमाणे.

पक्षांचे म्हणाल तर जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. दोनांचे चार झाले, तर मतदाराला पर्याय वाढायला हवे होते. झाले उलटे. एप्रिल २०२४ च्या लोकसभेत आमच्याकडे धनुष्यबाण विरुद्ध मशाल होती, म्हणजे जुनी सेना विरुद्ध जुनी सेना. पाच वेळा निवडून आलेल्या भावनाताईंना तिकीट नाकारले. हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांची तिथली जाहीर झालेली उमेदवारी मागे घेतली आणि त्यांच्या पत्नी राजश्रीताईंना इकडे यवतमाळ-वाशीममध्ये उभे केले. एका मतदारसंघातली अडचण दुसऱ्या मतदारसंघात सोडवली. १९८० पासून ४४ वर्षे उलटली, दिल्लीऐवजी मुंबईत ठरले, एवढाच काय तो फरक. लोकांनी या वेळी मशालीच्या संजय देशमुखांना निवडले. भावनाताई जुलैत विधान परिषदेवर गेल्या आणि नोव्हेंबरात रिसोडला उभ्या राहून हरल्या. मत मिळाले नाही तरी जागा मिळते, जागा असली तरी मत मिळतेच असे नाही. हे मुलांना कोणत्या धड्यात शिकवायचे, मला माहीत नाही.

२० नोव्हेंबरला सकाळी चहाच्या वेळी मी नातवाला सभामंडपाची गोष्ट सांगितली. बैठक, वही, गुप्तदान, तो विद्यार्थी, सगळे. त्याच्या आजीखेरीज घरात कुणाला हे माहीत नव्हते. मला वाटले होते तो हसेल, किंवा 'म्हणूनच मी म्हणतो' असे काही म्हणेल. त्याने विचारले, "त्या मुलाचं पुढं काय झालं?" मी सांगितले, तो पुढे एकदा ग्रामपंचायतीला उभा राहिला, पडला, नंतर पुण्याला कंपनीत लागला. मंडपाच्या उद्घाटनाला आला नव्हता. तो आजही त्या देवळात बाहेरूनच नमस्कार करतो, मंडपात पाय ठेवत नाही, असे ऐकतो.

मग त्याने त्या म्हातारीचे विचारले, कारण तीही गोष्ट मी ओघात सांगितली होती. "तिनं शिक्का कुठं मारला असेल?" मी म्हटले, माहीत नाही, आणि मतमोजणीत बाद मतांचा एक वेगळा गठ्ठा असायचा, त्यात कुठे असेल तर तेही माहीत नाही.

दहा वाजता त्याने गाडी काढली. माझ्या गुडघ्यांमुळे शाळेच्या पायऱ्या चढताना त्याने हात धरला. केंद्रावरच्या मुलीने माझे नाव वाचले, मग मागे उभ्या असलेल्या त्याच्याकडे पाहून विचारले, "तुमचं?" त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग खिशातून ओळखपत्र काढले. म्हणजे ते त्याने बरोबर घेतले होते.

आत त्याला बराच वेळ लागला. कोणते बटण दाबले ते मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही. परत येताना सिग्नलशिवायच्या आमच्या चौकात गाडी थांबली तेव्हा तो बोटाकडे पाहत म्हणाला, "आबा, ही किती दिवस राहते?"

मी म्हटले, कातडीवरची आठ-पंधरा दिवसांत जाते. नखावरची नख वाढून कापले जाईपर्यंत.